खालचा कप

टण्ण असा आवाज झाला, मग काहीतरी घरंगळलं आणि कशाला तरी टेकून थांबलं. लॅपटॉपवर फोटो सरकवणारं चैतालीचं बोट तिथंच राहिलं. सिंगापुरातली रविवारची दुपार होती. सासूबाई त्यांच्या खोलीत दार लोटून आडव्या झाल्या होत्या, ईशाला तिने मघाशीच थोपटून झोपवलं होतं, मंदार बॅडमिंटनला गेला होता आणि घरी राहून काम करणाऱ्या फिलिपिनो रोवेनाचा सुट्टीचा दिवस. घरात आवाज करायला कुणी जागंच नव्हतं. ईशा झाल्यापासून असे आवाज तिला आधी पोटात ऐकू येतात आणि मग कानात. ती अनवाणी उठली, ईशाच्या खोलीशी थांबली. दार उघडलं तर कडी वाजेल म्हणून नुसता कान लावला. आत पंख्याची घरघर तेवढी होती. मुलगी झोपली की मिळणारा हा वेळ ती कुणाच्या तरी खिशातून काढून घेतल्यासारखा वापरायची, श्वाससुद्धा जपून घ्यायची. ती स्वयंपाकघरात आली. सिंकखालच्या कपाटाचं दार अर्धवट उघडं होतं. आत ब्लीचची बाटली, ओलसर फडकी, तारेची घासणी, झुरळांच्या औषधाची डबी, आणि पाइपाला टेकून आडवा पडलेला तो कप, अजून किंचित डुलत असलेला. पांढऱ्या एनॅमलचा, निळ्या काठाचा, कानाजवळ टवका उडून काळा पडलेला. वॉशिंग मशीन मघाशी जोरात फिरत होतं, त्याच्याच धक्क्याने पडला असणार. तिने तो उचलला. फडक्यांचा कुबट वास त्याच्याबरोबर वर आला. तळाशी पाण्याचा एक थेंब होता. रोवेना सकाळीच चहा पिऊन, कप विसळून, पालथा घालून चर्चला गेली होती. इतक्या वेळात तो वाळायला हवा होता, असं तिच्या मनात आलं आणि गेलंही.

हा कप सासूबाईंनी पुण्याहून आणला होता, रोवेना नवीन लागली तेव्हा. ‘तिचं वेगळं असलेलं बरं. तिलाही मोकळं वाटतं,’ असं म्हणून त्यांनी तो सिंकखाली ठेवला, जणू तिथे त्याची जागा आधीपासून आखलेली होती. मंदार म्हणाला होता, ‘आईचं तसंच आहे गं. दोन महिने चालवून घे.’ दोन महिन्यांनी सासूबाई पुण्याला गेल्या. कप मात्र खालीच राहिला. कुणी ठरवलं नव्हतं. रोवेना स्वतःच चहा झाला की वाकायची, कपाट उघडायची, कप काढायची, धुवायची, पुन्हा वाकायची. ते वाकणं इतकं सवयीचं झालं होतं की घरात ते दिसेनासं झालं होतं. या वेळी सासूबाई आल्या त्या इटलीच्या सहलीसाठी, आणि सहलीहून आल्यापासून चैतालीला ते वाकणं सोडून दुसरं काही दिसत नव्हतं. पुढच्या महिन्यात रोवेनाचा करार संपतोय. पुन्हा दोन वर्षांसाठी राहशील ना, असं विचारल्यावर नेहमीसारखी ‘येस मॅम’ न म्हणता ती म्हणाली होती, ‘मॅम, आय थिंक फर्स्ट. संडे इव्हिनिंग आय टेल यू.’ बुकित पंजांगच्या एका बाईंनी तिला कामाला येण्याबद्दल विचारलंय, हे खालच्या मजल्यावरच्या मधुवंतीने सांगितलं. आज संडे. संध्याकाळी रोवेना दारातून आत येईल आणि सांगेल. ती गेली तर चैतालीची तांजोंग पगारची नोकरी जाईल, ते एक. पण त्याआधी ईशाला सांगावं लागेल. ईशाला ताप आला की ती झोपेत ‘आई’ म्हणते आणि जागी झाली की ‘आंटी’ म्हणत रोवेनाला शोधते. चैतालीला त्याचा राग येत नाही, कधी आलाही नाही. एका मुलीला दोन ठिकाणी ऊब मिळते यात वाईट काय, असंच तिला वाटत आलेलं. आणि त्यातली एक ऊब या कपातून चहा पिते.

ती कप हातात घेऊनच टेबलाशी परत आली. स्क्रीनवर लुक्काच्या तटबंदीचा फोटो होता. शनिवारी मंडळात मंदारचं ‘इटली: एक अनुभव’ आहे. त्यासाठी चाळीसेक फोटो निवडायचं काम तिच्याकडे. मंदारने बजावलं होतं, ‘रोवेना नको येऊ देऊस फ्रेममध्ये. लोक म्हणतील बाई घेऊन फिरतात.’ पण ती प्रत्येक फ्रेममध्ये होती. कडेला कोपर, बॅगेचा पट्टा, ईशाच्या डोक्यावर टोपी सरळ करणारा हात. कापायला गेलं की ईशाचं डोकं कापलं जायचं. लुक्का छोटं गाव, भोवती रुंद तट, तटावर झाडं, माणसं सायकली चालवतात, म्हातारी जोडपी हात धरून फिरतात. आपण तिथे उभं राहून ‘किती शांत, किती स्वच्छ’ म्हणत होतो, सिंगापूरहून जाऊन. फ्लॉरेन्स तिथून आगगाडीने जवळ, म्हणून मंदारने मुक्काम लुक्कात ठेवला होता. स्वस्त पडतं हे त्याने आईला सांगितलं नाही. आईला सांगितलं, बाबांची इच्छा होती. तेही खोटं नव्हतं. शामकांत, म्हणजे सासरे, मरीन इंजिनियर. त्यांचं जहाज लिव्होर्नोला लागायचं, फ्लॉरेन्सचं जवळचं बंदर. दर खेपेला ते पुण्याला फोन करून सांगायचे, तासाभरावर आहे गं, पुढच्या वेळी जाऊन बघून येतो, मग तुला दाखवतो. पुढच्या वेळी इंजिनचं काहीतरी निघायचं, नाहीतर माल लवकर उतरायचा. बघितलं नाहीच त्यांनी. तटावरच्या बाकावर बसून सासूबाई बराच वेळ पश्चिमेकडे बघत होत्या. समुद्र काही तिथून दिसत नाही. मग म्हणाल्या, ‘तेही जहाजावर त्यांच्यातच जेवायचे ना. फिलिपिनो, कोण कोण. काय काय शिजायचं तिथे. घरी आले की त्यांचा तोच निळ्या काठाचा कप वेगळा असायचा, मोरीच्या कट्ट्यावर. कधी बोलले नाहीत काही. हसायचे. मीपण जहाजावरचा, हापण जहाजावरचा, म्हणायचे.’ आणि त्यांनी पदराने नाक पुसलं. तेव्हा चैतालीला कळलं की तो कप कुणाचा आहे. तिने सासूबाईंचा हात हातात घेतला. हात थंड होता, बोटांची पेरं सुजलेली. सूर्य झाडांमागे गेला होता आणि सगळं सोनेरी झालं होतं, फोटोत येतं तसं. आणि त्या सोन्यातच तिला पहिल्यांदा किळस आली. कुणाची, ते धड सांगता आलं नसतं. सुजलेल्या बोटांची नाही. त्या हसण्याची असेल कदाचित. बायकोने कट्ट्यावर ठेवलेल्या कपातून महिनोन् महिने चहा पिऊन हसत राहिलेल्या माणसाची.

कप लुक्कालाही आला होता. कुकरच्या पोटात, टॉवेलमध्ये गुंडाळून, मेतकुटाच्या पुडीशेजारी. भाड्याच्या घरात सगळे कप पांढरे, एकसारखे, मग ओळखायचा कसा, हा विचार सासूबाईंनी पुंगोलच्या घरीच करून ठेवला होता. पहिल्या सकाळी कुकर उघडल्यावर तो निघाला तेव्हा रोवेना हसली होती, ओळखीचं कुणीतरी परदेशात भेटावं तशी. ‘ओह, दिस वन ऑल्सो कम,’ म्हणाली. ईशाला तो निळा काठ आवडायचा. तिने कप तोंडाला लावला तसा सासूबाईंनी झटकन काढून घेतला. ‘शी. तो नाही आपला.’ ईशाने कप त्यांच्या हातातच वाकडा केला, आत बघितलं, उलटा करून खाली बघितलं. ‘कुठाय शी?’ खरंच शोधत होती. शी हा शब्द तिला चैतालीनेच शिकवलेला. डायपरच्या दिवसांत, लिफ्टच्या बटणांशी, बागेत तोंडात घातलेल्या मातीशी. नाक मुरडून, जीभ बाहेर काढून, खेळासारखा. ईशा तेव्हा किती हसायची, दोन दातांचं तोंड उघडून, आणि तसंच नाक मुरडून दाखवायची. हा शब्द दिसणाऱ्या गोष्टींसाठी आहे असं त्या पोरीला वाटत होतं. आणि आता ती कपाच्या तळाशी नजर लावून, अभ्यासात चुकलेलं शोधावं तशी, शी शोधत होती.

त्याच दिवशी ते सान फ्रेदियानोच्या चर्चमध्ये गेले होते. बाहेर दर्शनी भिंतीवर सोनेरी चित्र, आत गार अंधार, मेणाचा आणि जुन्या लाकडाचा वास. एका बाजूच्या छोट्या दालनात काचेची पेटी आणि पेटीत एक बाई झोपलेली. खरीखुरी बाई. कित्येक शतकांपूर्वी मेलेली, न कुजलेली. चेहरा तपकिरी, चामड्यासारखा आक्रसलेला, ओठ मागे सरकलेले, हात पक्ष्याच्या पायांसारखे, आणि त्यावर कुणीतरी मायेने घातलेला झालरींचा झगा. ईशा चैतालीच्या पायाला चिकटली आणि मोठ्याने म्हणाली, ‘शी.’ सासूबाईंनी तिच्या पाठीवर हलकीशी चापट मारली. ‘शी नाही म्हणायचं. बाप्पा आहे तो. नमो नमो कर.’ ईशाने हात जोडले. मंदार फोनवर वाचत होता. ‘ऐका, मजा आहे. ही मोलकरीण होती. झिता. बाराव्या वर्षी याच गावात एका घरी कामाला लागली आणि मरेपर्यंत त्याच घरी. अठ्ठेचाळीस वर्षं. मालकाच्या घरची भाकरी ॲप्रनमध्ये लपवून गरिबांना न्यायची. पकडली, तर ॲप्रनमधून फुलं निघाली. जगातल्या सगळ्या मोलकरणींची संत आहे म्हणे.’ सासूबाईंनी पुन्हा हात जोडले, या वेळी डोळे मिटून. ‘एका घरी इतकी वर्षं. आता कुठे राहिलंय असं.’ रोवेना तोपर्यंत गुडघ्यांवर बसली होती. तिच्या बुटांचे तळवे चैतालीला दिसत होते, एका बाजूने झिजलेले. मंदारने वाकून तिला इंग्रजीत सगळं पुन्हा सांगितलं आणि म्हणाला, ‘सो रोवेना, यू हॅव अ लाँग वे टु गो.’ त्याला विनोद करायचा होता. तो वाईट माणूस नाही. ऑफिसातही तो असेच विनोद करतो आणि लोक हसतात. रोवेनाही हसली. ‘येस सर,’ म्हणाली, गुडघ्यांवर बसल्या बसल्या. ती पुन्हा समोर वळली तेव्हा काचेत तिचा चेहरा दिसत होता, त्या वाळलेल्या चेहऱ्याच्या बरोबर वर, आणि चैतालीने मान फिरवली. निघताना सासूबाईंनी दाराजवळच्या टेबलावरून झिताचं छोटं चित्र विकत घेतलं. ते आता इथे, पुंगोलच्या देवघरात, बाळकृष्ण आणि अन्नपूर्णेच्या मधे उभं आहे. रोज सकाळी सासूबाई तिलाही हळदकुंकू लावतात. चित्रात ती तरुण आणि गोरी आहे. तिच्या कपाळावर कुंकवाचा थर इतका चढलाय की भुवया झाकल्या गेल्यात. सासूबाई हात जोडून उभ्या असतात तेव्हा मागे, पाच पावलांवर, रोवेना सिंकखाली वाकलेली असते.

पुढचे फोटो फ्लॉरेन्सचे. घुमट, पूल, पुलावरची सोन्याची दुकानं, नदीचं हिरवट पाणी, आणि माणसं, माणसं, घामाने चिकट झालेली, हातातल्या आइस्क्रीमचे ओघळ मनगटापर्यंत आलेली. संगमरवराचे उघडे पुरुष, त्यांच्या मांड्या इतक्या गुळगुळीत की तिला दुधावरची साय आठवली. सासूबाई त्यांच्याकडे बघत नव्हत्या आणि बघतही होत्या. उफीझीची तिकिटं मंदारने चारच काढली होती. ‘तिला काय करायचंय आत? पाय दुखतील उगीच.’ रोवेना म्हणाली, ‘ओके लह सर, आय लुक द बॅग्स.’ हा ‘लह’ ती सिंगापुरातच शिकली, ईशाने तिच्याकडून घेतला की तिने ईशाकडून, कुणास ठाऊक. वरच्या लांबच लांब दालनात खिडक्या होत्या. चैताली एका खिडकीशी थांबली. खाली चौकात, दगडी पायरीवर, सगळ्यांच्या बॅगा मांडीभोवती गोळा करून रोवेना बसली होती. अंड्यांवर बसलेल्या कोंबडीसारखी, हा विचार आला आणि तिला स्वतःचीच शिसारी आली. ईशा काचेवर थापा मारू लागली, ‘आंटी, आंटी.’ रखवालदार बाई धावत आली, ओरडली. ईशाने भोकाड पसरलं. मंदार दुसऱ्या टोकाहून खुणा करत होता, गप्प कर तिला. भिंतींवर सगळीकडे एकच बाई, निळ्या झग्यातली, मांडीवर बाळ. मऊ, भरल्या अंगाची, कधीही न थकलेली. चैतालीने रडणारी ईशा कडेवर घेतली. पाच वर्षांची पोर आता कडेवर मावत नाही, पाय गुडघ्यांपर्यंत लोंबतात. तिचा ओला, तापलेला गाल मानेला लागला तेव्हा मात्र क्षणभर सगळं शांत झालं. त्या भिंतींवरच्या बाईचं हे एक आपल्याला कळतं, असं तिला वाटलं, आणि आपलं तिला.

बाहेर आल्यावर भुका लागल्या होत्या. बाजाराशी एका गाडीवर काहीतरी उकळत होतं, गाईच्या पोटाचा कुठलातरी भाग. वाफेसकट त्याचा वास येऊन चेहऱ्याला लागला, गोठ्यासारखा, रक्तासारखा, आणि त्याखाली कुठेतरी कोथिंबिरीसारखं हिरवं. सासूबाईंनी पदर नाकाला लावला आणि त्या रस्त्यापलीकडे जाऊन उभ्या राहिल्या. रोवेना थांबली. ‘मॅम, कॅन आय?’ तिने तो पाव घेतला आणि तिथेच उभी राहून, डोळे अर्धवट मिटून खाल्ला. ‘लाइक माय लोला कुक,’ म्हणाली. लोला म्हणजे तिची आजी. त्या एवढ्या सहलीत रोवेना खूश झालेली चैतालीने तेवढीच पाहिली, मनगटावरचा रस चाटताना. आणि त्याच क्षणी तिच्या पोटातून कळ आली, तोंडात पाणी सुटलं, ओकारीचं. तिने कितीही स्वतःला समजावलं असतं तरी तिचं पोट रस्त्यापलीकडे, पदर नाकाला लावलेल्या बाईशेजारी जाऊन उभं राहिलं होतं. आज या टेबलाशी बसून तिला तेच आठवून सगळ्यात जास्त किळस येते. विचार तिचे आहेत, पुस्तकांतून आलेले, कॉलेजातल्या भांडणांतून, स्वतः ठरवून घेतलेले. पोट कुणाचं आहे? ‘ईशाला हात लावायच्या आधी हात धू म्हणावं तिला,’ सासूबाई म्हणाल्या होत्या. सांगायची गरज पडली नाही. रोवेना बाटलीतल्या पाण्याने, साबणाच्या कागदाने, कोपरापर्यंत हात धूत होती. डॉक्टर धुतात तसे. त्यानंतर आगगाडीत ती कुणाशी बोलली नाही. ईशा तिच्या मांडीवर झोपली. सूर्यफुलांची शेतं मागे जात होती. मंदार म्हणाला, किती पैसे वसूल दिवस झाला. रोवेनाने ईशाच्या केसांवर हात ठेवला होता आणि ती खिडकीतून बाहेर बघत होती. कदाचित तिने तिथेच ठरवलं असेल.

चैतालीने लॅपटॉप मिटला. कप घेऊन ती दाराबाहेर आली. लिफ्टशेजारी, मजल्यावरच्या सगळ्यांसाठी मिळून एक, कचरा टाकायचं लोखंडी झाकण आहे. तिने ते ओढलं. आतून आंबूस, कोमट वाऱ्याचा झोत आला, अख्ख्या इमारतीचं तोंड उघडल्यासारखा. कुणाचे फणसाचे गरे, कुणाचे माशांचे काटे, कुणाची डायपर्स, सगळ्यांचं एकाच पोटात. कप आत सोडला की संपलं. पण पंधरा मजले तो आपटत जाईल, आणि तो आवाज आपल्याला ऐकू येत राहील. पुण्याच्या त्या हसणाऱ्या माणसाचाही कप आहे हा. त्यांना तिने एकदाच पाहिलं होतं, लग्नात. ओठांवर मिशी, डोळ्यांत जहाजाचं तेल गेल्यासारखा लालपणा. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले होते, ‘आमच्याकडे जरा सांभाळून घ्यावं लागेल हं.’ कुणी, कुणाला, हे सांगितलं नाही. समोरच्या घरातली चिनी आजी चपला घालत होती. ती चैतालीकडे, मग कपाकडे बघून म्हणाली, ‘स्टिल गुड, व्हाय थ्रो?’ चैतालीने झाकण सोडलं. ते धाडकन बंद झालं.

घरात येऊन तिने कप साबणाने घासला. गरम पाण्याने, दोनदा. दुसऱ्यांदा घासताना ती थांबली, कारण हे कुणासाठी चाललंय ते तिला कळेना. मग तिने वरचं शेल्फ उघडलं आणि सगळ्या कपांच्या मधे, मंदारच्या ऑफिसच्या कपाला खेटून, तो ठेवला. शेल्फ बंद केलं. पुन्हा उघडून बघितलं. बारीकसं काहीतरी चुकल्यासारखं दिसत होतं, वर्गात नवीन आलेल्या मुलासारखं. ईशाचा सशाचा कप तिथे नव्हता, पण तो नेहमीच कुठेतरी फिरत असतो.

‘चहा टाकतेस का गं?’ सासूबाई उठून आल्या होत्या. केस सुटलेले, डोळ्यांवर झोप. त्यांनी स्वतःच शेल्फ उघडलं आणि हात तसाच वर राहिला.

‘हा वर कुणी ठेवला?’

‘मी.’

‘चुकून?’

‘नाही, आई.’

सासूबाईंनी शेल्फचं दार हळूच लावलं. आवाज होऊ नये अशा बेताने. त्या स्टुलावर बसल्या. ‘बुकित पंजांगची बाई तिला सोन्याच्या कपात देणार आहे का चहा? कपासाठी कुणी घर सोडत नाही.’

‘मी सोडलं असतं.’

‘तू सोडलं असतंस,’ सासूबाई म्हणाल्या, टोमणा मारल्यासारखं नाही, खात्री करून घेतल्यासारखं. ‘दोन वर्षं खालीच होता की तो. मी पुण्यात होते.’

चैतालीने पातेल्यात पाणी घातलं. गॅस पेटायला वेळ लागला. ‘रोज सकाळी जिला कुंकू लावता ना,’ ती पाठमोरी राहून म्हणाली, ‘तीही भांडीच घासायची.’

‘ती गेली. मेल्यावर सगळं धुतलं जातं.’

‘आणि बाबा?’

हे विचारायचं तिने ठरवलं नव्हतं. पाण्याला बुडबुडे येऊ लागले. तिने वळून पाहिलं तर सासूबाई स्वतःच्या तळहातांकडे बघत होत्या, काहीतरी वाचत असल्यासारख्या.

‘ते माझे होते,’ त्या म्हणाल्या. ‘मला त्यांची घाण वाटायची असं वाटतं का तुला? पाय चेपायचे मी त्यांचे. उलट्या काढल्यात शेवटी. पण माझ्या सासूबाईंनी पहिल्याच खेपेला तो कप कट्ट्यावर ठेवला आणि मी तो तिथेच ठेवत गेले. ते घरी नसायचे तेव्हा नऊ-नऊ महिने तो कट्ट्यावर असायचा. मी रोज बघायचे त्याच्याकडे. तेवढाच होता घरात त्यांचा.’ त्यांनी मान वर केली. ‘आता तू म्हणतेस तो वर ठेवायचा. ठेव. घर तुझं आहे. पण हा आज वर जाऊ शकतो, तर मग तेव्हाही जाऊ शकत होता. मग मी काय केलं गं त्यांच्याशी?’

चहाची पावडर चैतालीच्या हातात होती. त्या म्हातारीला जवळ घ्यावं आणि तिच्यापासून लांब, बाहेर, वाऱ्यात जाऊन उभं राहावं, दोन्ही एकाच वेळी वाटत होतं. यांनी रडू नये, आत्ता तरी नको, कारण या रडल्या की आपण कप खाली ठेवू. आपण ठेवू, हे तिला स्वच्छ माहीत होतं. आपल्याकडे सगळं असंच खाली राहतं, कुणीतरी रडतं म्हणून. बाहेर दूर लिफ्ट वाजली. सासूबाईंनी पदर नाकाशी नेला. संध्याकाळचं ऊन ओट्यापर्यंत आलं होतं आणि सिंकच्या नळाचा थेंब थेंब चालू होता.

तेवढ्यात रोवेनाच्या खोलीचं दार हललं. खोली म्हणजे प्रत्येक फ्लॅटमध्ये असतो तो बॉम्ब शेल्टर, युद्ध झालं तर लपायला बांधलेला, बिनखिडकीचा, जाड लोखंडी दाराचा. त्यात रोवेनाची गादी आणि तिच्या मुलाचा फोटो. ते दार लहान मुलीच्या हातांनी ढकललं जात होतं, इंच इंच. आतून ईशा आली. चैतालीला वाटलं होतं ती पलंगावर झोपलीय. केस विस्कटलेले, गालावर रोवेनाच्या उशीच्या विणीचे वळ. ती खूप वेळ तिथे लपून बसली असणार. पोटाशी दोन्ही हातांनी तिने आपला सशाचा कप धरला होता. ती आजीकडे न बघता थेट आईपाशी आली. पुढचे केस ओले होते, फ्रॉकच्या गळ्यावरही पाणी सांडलं होतं.

‘आई, मी झोपले नाही,’ ती कुजबुजली. ‘मला थर्स्टी झालं. मी आंटीच्या कपमधून प्यायले, म्हणून माझा पण खाली ठेवत होते. मग आंटीचा पडला. आय डिडन्ट ब्रेक.’

‘नाही फुटला, राणी.’ चैताली खाली बसली. तिने अंगठ्याने ईशाच्या ओठांवरचं पाणी पुसलं. बाहेर कॉरिडॉरमध्ये चपला ओळखीच्या चालीने जवळ येत होत्या, आणि जाळीच्या दाराशी किल्ली वाजली.

ईशाने सिंकखालचं कपाट उघडलं. आत वाकून पाहिलं. रिकामी जागा पाहिली. मग वरच्या शेल्फकडे, मग आजीकडे, आणि हातातला सशाचा कप आईपुढे धरला.

‘आता माझा कप कुठे ठेवायचा?’